पिवळा रंग लागायच्या आत: पिकाऊ रान कागदावर कसं राखायचं

आमच्या रानात डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा होता आणि उताऱ्यावर त्याच गटापुढं ‘चालू पड’ असं छापून आलं होतं. विकास सोसायटीत पीककर्जासाठी सातबारा दिला तेव्हा हे कळलं. ह्यांचं म्हणणं असायचं, कारखान्याकडं उसाची नोंद आहे, मग आणखी तलाठ्याकडं कशाला? मलाही ते पटलं होतं. सलग २ वर्षं आम्ही पीकपाहणी केली नाही आणि कुणीतरी बांधावर न येताच रकाना भरून टाकला.

पुढं शेजारच्या गावात विकास आराखड्याचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा, नकाशा लागला. बागायत रानाचे काही गट हिरव्याचे पिवळे, म्हणजे शेतीचे रहिवासाचे, झालेले दिसले. हरकत घ्यायला गेलेल्यांना पहिला प्रश्न आला, “तुमच्या रानात काय पिकतंय, त्याचा पुरावा?” ज्यांच्या उताऱ्यावर पीक होतं ते बोलले. बाकीचे घरी आले. त्या दिवसापासून मी आमची फाइल करायला घेतली. तिच्यात काय आहे, कशासाठी आहे आणि ती कुठं उपयोगी पडते, ते सगळं इथं लिहिते.

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचं १ एकर २८ गुंठे मळीचं, म्हणजे नदीच्या गाळाचं, रान आहे. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची. तेव्हापासून तिची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे, पण शहर त्या रेषेत राहिलं नाही, ते आमच्या रानांवर आलं. हद्दवाढीला गावांचा विरोध होता. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. म्हणजे गाव ग्रामपंचायतीचंच राहिलं, पण रानाचा रंग ठरवायला आणखी एक दार तयार झालं. हे दार कुठं आहे आणि कधी उघडतं, हे शेतकऱ्याला माहीत असायला हवं.

हिरवा म्हणजे शेती विभाग, पिवळा म्हणजे रहिवास. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये कलम ४२ च्या पुढं ४२-अ, ४२-ब, ४२-क, ४२-ड अशी कलमं घातली आहेत. त्यांचा अर्थ घरच्या भाषेत असा: मंजूर आराखड्यात तुमचा गट रहिवासात गेला, तर बिगरशेतीसाठी पूर्वीसारखी लांबलचक परवानगी काढावी लागत नाही. ठरलेल्या रकमा भरल्या की काम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या रानालाही ४२-ड ची सवलत आहे. पूर्वी बिगरशेतीच्या अर्जावर एकेका गटाचा विचार व्हायचा. आता तो विचार नकाशा करतानाच होऊन जातो. म्हणून भांडायचं असेल तर नकाशा कच्चा असतानाच भांडायला हवं.

पिवळं झालं की दर चढतो, हे खरं आहे. ज्याला मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी विकायचंय त्याच्याशी माझं भांडण नाही. ज्याला पिकवायचंय, त्याच्या रानाला न विचारता रंग लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आजच्या आज करायचं काम म्हणजे डिजिटल सहीचा सातबारा काढा. १५ रुपयांत निघतो. वरचा भाग म्हणजे गाव नमुना ७, त्यात नावं आणि क्षेत्र. ते सगळे वाचतात. खालचा गाव नमुना १२ मात्र कुणी वाचत नाही आणि खरी गोष्ट तिथंच असते. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणतं पीक, किती क्षेत्रात, पाणी कशाचं. मागच्या वर्षांचे रकाने बघा. ऊस असताना ‘पड’ दिसतंय का? विहीर किंवा उपसा असताना पाण्याच्या रकान्यात काहीच नाही का? आमच्या गल्लीत ८ घरांचे उतारे मी बघितले, त्यातल्या ५ उताऱ्यांवर काही ना काही चुकलेलं होतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरनं करायची असते. खरीप, रब्बी, उन्हाळी, प्रत्येक हंगामाला वेगळी. फोटो रानात उभं राहूनच काढा. आता ह्यातली आमच्या भागातली अडचण सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती.

आपल्याकडं ऊस १२ महिने, आडसाली असेल तर १८ महिने रानात असतो. उताऱ्यावर मग एकच नाव येतं, ऊस. पण भूसंपादनाच्या कायद्यात संरक्षण आहे ते ‘एकापेक्षा जास्त पिकं घेतल्या जाणाऱ्या ओलिताच्या’ जमिनीला. उद्या समोरचा म्हणू शकतो, हे तर एकपिकी रान. खरं तर आपण आडसालीच्या सरीत भुईमूग घेतो, सोयाबीन घेतो. इतर उसात कोथिंबीर, मेथी, कांदा, हरभरा घेतो. घरचं खाणं त्यातनंच निघतं, उरलेलं बाजारात जातं. पण ते आपण नोंदवत नाही, कारण ते ‘बायकांचं पीक’. नोंदवा. ॲपमध्ये निर्भेळ पीक, बहुपीक असे पर्याय येतात, तिथं बहुपीक निवडून मुख्य पीक ऊस आणि दुय्यम पीक भुईमूग असं क्षेत्रासकट भरा. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला ऊस) काढून गहू किंवा भात केला असेल तर त्या हंगामात ते वेगळं भरा. जलसिंचनाचं साधन विचारतं तिथं विहीर, उपसा, नदी जे असेल ते निवडा. घाईत ‘अजल सिंचित’ दाबलं की बागायत रान कागदावर जिराईत होतं.

चूक झाली तर ४८ तासांच्या आत ॲपमध्येच दुरुस्ती करता येते. जुन्या वर्षांच्या चुकीसाठी तहसीलदारांकडं लेखी अर्ज करावा लागतो. त्याला कारखान्याच्या नोंदीची झेरॉक्स जोडा. आमच्या अर्जाला वेळ लागला, ३ हेलपाटे झाले, पण अर्ज दिल्याची पोच तरी फाइलला लागली. नोंद दुरुस्त व्हायच्या आधी हरकतीची वेळ आली असती, तर तीच पोच दाखवली असती.

उताऱ्याच्या जोडीला काय ठेवायचं? कारखान्याची ऊस नोंदीची पावती आणि वजनकाट्याच्या पावत्या, निदान ५ वर्षांच्या. गुऱ्हाळाला ऊस घालत असाल तर अडत्याची पट्टी. पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी, मोटारीचं वीजबिल. सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, कारण कर्ज पिकावर मिळतं आणि तिथं पिकाचं नाव असतं. मृदा आरोग्य पत्रिका असेल तर तीही. ह्यातला एकेक कागद किरकोळ वाटतो. पण ५ वर्षांचे कागद तारखेनुसार लावले की रान दरवर्षी पिकतंय हे दुसऱ्याला वाचता येतं.

आता नकाशाकडं या. नगररचना कार्यालयात किंवा प्राधिकरणाकडं आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. अर्ज, चालू सातबारा आणि मोजणीचा किंवा गटाचा नकाशा लागतो. दाखल्यावर विभाग लिहून येतो. शेती विभाग आला म्हणून निर्धास्त होऊ नका. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत शेती विभागातही फार्म हाऊस, शाळा, पेट्रोल पंप अशा बऱ्याच वापरांना अटींवर वाट दिलेली आहे. हिरवा रंग म्हणजे कुंपण आहे, भिंत नव्हे.

आराखडा करण्याआधी प्राधिकरणाला ‘विद्यमान भूवापर नकाशा’ करावा लागतो, म्हणजे आज कोणत्या जमिनीवर काय आहे त्याचा. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथं द्यायला हवं, आणि इथंच कुणी देत नाही. त्या नकाशात तुमचं रान मोकळी जमीन म्हणून रंगलं, तर पुढं त्यावर रहिवास किंवा आरक्षण टाकायला कुणाचा हात अडखळत नाही. हा नकाशा मागून घ्या. सहज मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात लांबलचक गोष्ट लिहू नका. ‘मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, ह्या गटाचा समावेश असलेल्या विद्यमान भूवापर नकाशाची प्रमाणित प्रत’, एवढंच मागा.

नदीकाठच्यांनी आणखी एक नकाशा बघायचा, पूररेषेचा. जलसंपदा विभाग तो आखतो. निळी रेषा २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध, दोन रेषांमधला नियंत्रित. कोल्हापूरकराला पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी तोंडपाठ असते, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हा आमच्या रानावर आठवडाभर पाणी होतं. रान ते पाणी धरतं, जिरवतं, गाळ ठेवून घेतं. त्याच जागी भराव पडला की ते पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यात जातं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, ते सगळ्यांनी बघितलंय. तुमचा गट निळ्या रेषेत असेल आणि आराखड्यात पिवळा दिसत असेल, तर हरकतीतला पहिला मुद्दा हाच घ्या. शेतीच्या मुद्द्यावर वाद घालता येतो, पूररेषेवर घालणं अवघड आहे.

प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. सूचनेत शेवटची तारीख छापलेली असते, तीच धरून चाला. मंजूर आराखड्यात एखाद्या गटापुरता बदल करायचा झाला तर कलम ३७ खाली सूचना निघते, तिला एक महिना असतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आमच्या भावकीतल्या एका रानाबद्दलची अशी सूचना आम्हाला मुदत संपल्यावर २ दिवसांनी कळली, आणि मग काहीच करता आलं नाही. तेव्हापासून गावात आम्ही वाटून घेतलंय. एका घरानं एक पेपर, दुसऱ्यानं दुसरा, आणि जाहीर सूचनांचं पान रोज बघायचं. ग्रामपंचायतीच्या फलकाचा फोटो दर सोमवारी गावच्या मोबाइल ग्रुपवर टाकायचा.

हरकत कशी लिहायची, त्याचा आमचा नमुना देते. राग आलेला असतो, तो पत्रात घालू नका. मुद्दा आणि पुरावा घाला.

‘विषय: मौजे ____, ता. करवीर, गट क्र. ____ हा प्रारूप विकास आराखड्यात शेती विभागातच ठेवण्याबाबत हरकत.

महोदय, वरील गट माझ्या मालकी वहिवाटीचा असून क्षेत्र ____ आहे. प्रारूप आराखड्यात तो रहिवास विभागात दर्शविला आहे. त्यास माझी हरकत आहे.

१. सदर जमीन बारमाही ओलिताची आहे. पाण्याचे साधन ____ असून पाणीपट्टीच्या पावत्या जोडल्या आहेत.

२. गाव नमुना १२ नुसार मागील ____ वर्षे सलग ऊस व त्यात भुईमूग, हरभरा ही पिके घेतली आहेत. विद्यमान भूवापर नकाशात जमीन मोकळी दाखविली आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही.

३. जमिनीचा ____ भाग निळ्या पूररेषेच्या आत आहे.

४. गावठाणालगत गट क्र. ____ हे पडीक माळाचे असून वस्तीसाठी जागा लागल्यास त्यांचा विचार व्हावा.

मला समक्ष सुनावणीची संधी द्यावी.’

चौथा मुद्दा विचार करून लिहा. नाही म्हणताना पर्याय दिला तर तुमचं म्हणणं ऐकलं जातं. पण दुसऱ्या गरिबाचं रान पुढं करू नका. खरोखर मुरमाड, पाणी नसलेला माळ असेल तरच लिहा, आणि त्या मालकाशी आधी बोला. शेवटची सुनावणीची ओळ तर विसरूच नका. कलम २८ खाली नियोजन समिती हरकती ऐकते, त्या वेळी तुम्हाला नकाशावर बोट ठेवून बोलता येतं. पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. घरटी वेगळी हरकत द्या. शंभर सह्यांचं एक निवेदन एकच हरकत म्हणून मोजलं जाऊ शकतं. ग्रामसभेचा ठराव करून तो प्रत्येक हरकतीला जोडा.

रंगाचं झालं. जमीन संपादनाला निघाली तर कायदा वेगळा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १० हे अन्नसुरक्षेसाठीच घातलंय. बहुपीक ओलिताची जमीन घ्यायची नाही. अगदीच अपवाद म्हणून, दुसरा इलाज उरला नाही हे दाखवता आलं तरच घ्यायची. आणि घेतली तर तेवढीच लागवडीयोग्य पडीक जमीन विकसित करायची किंवा तेवढी रक्कम शेतीसाठी जमा करायची. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर कलम १५ खाली ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी हरकत द्यायची. वरची फाइल इथं जशीच्या तशी लागू पडते.

पण कलम १० च्या शेवटी एक पोटकलम आहे, तेही वाचून घ्या. रेल्वे, महामार्ग, जिल्हा रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना हे संरक्षण लागू नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या कायद्याखाली हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला आपल्या जिल्ह्यात एवढा विरोध का झाला, ते ह्यातनं समजतं. बागायत आहे एवढ्यानं रस्ता वळत नाही, म्हणून माणसं रस्त्यावर आली. अशा वेळी हरकतीत मार्गाचा पर्याय, भरावानं अडणारं पुराचं पाणी, तुटणाऱ्या पाणंदी आणि पाइपलाइन हे मुद्दे गटागटानं लिहा. भरावाऐवजी कमानी किंवा खांबांवरचा पूल मागा.

आता घरातली गोष्ट, ती सरकारी कागदाइतकीच महत्त्वाची आहे. मामंजी गेल्यावर वारसनोंद झाली. दीर बाहेरगावी, एजंट त्यांच्या दारात. त्या वेळी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक केलं, त्यांनी हक्कसोड लिहून दिली नाही. “माझं नाव राहू दे, मग बघू,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या सहीशिवाय पूर्ण गटाचा व्यवहार होईना, आणि तेवढ्या वेळात दिरांनाही विचार करायला सवड मिळाली. आज ते रान आम्ही वाट्यानं करतो. पुढं ह्यांच्या हिश्श्यात सहहिस्सेदार म्हणून माझंही नाव लागलं. बायांनो, नाव लावून घ्या. भावांनो, लावून द्या. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिराईताला २० गुंठे आणि बागायताला १० गुंठे असं केलं. त्यामुळं १० गुंठ्यांचा बागायत तुकडा आता कायद्यानंच विकता येतो. लहान शेतकऱ्याची अडचण सुटली, हे मान्य. पण एकरातनं ४ तुकडे पडले की पाट, रस्ता, मोटार सगळ्याची ओढाताण होते. वाटणी कागदावर करा, शक्य असेल तर वहिवाट एकत्र ठेवा.

आणि माती. मळीच्या रानाची माती विटांना चांगली, म्हणून वीटभट्टीवाले ट्रॉलीवर भाव देतात. आमच्या बांधापलीकडच्या रानातनं ३ फूट माती गेली. आता पावसाळ्यात तिथं डबकं होतं, आमचा बांध त्यात ढासळतोय. परवान्याशिवाय माती उचलणं हे गौण खनिजाचं बेकायदा उत्खनन आहे. महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. उत्खनन दिसलं तर तारीख-वेळ येईल असा फोटो काढून तलाठी आणि तहसीलदार दोघांकडं लेखी द्या. शिरोळकडची रानं तर जादा पाण्यानं आणि खतानं क्षारपड झाली. दत्त कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून तिथले शेतकरी ती पुन्हा पिकाखाली आणतायत. पण तो खर्च एकट्याच्या आवाक्यातला नसतो. आम्ही पाचट जाळत नाही, सरीआड सरी कुजवतो, आणि ३ वर्षांतनं एकदा ताग गाडतो. पिवळं होण्यापासून वाचवलेलं रान पांढरं पडून गेलं तर मग कशाला एवढे हेलपाटे घातले?

फाइल कुठं ठेवायची, तेही सांगून ठेवते. २०१९ ला आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मामंजींच्या काळातल्या पाणीपट्टीच्या पावत्या कपाटाच्या खालच्या खणात होत्या, त्यांचा लगदा झाला. त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. आता सगळे कागद पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर, आणि प्रत्येक कागदाचा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये आहे. ती पुण्यात असते, तिथं आमचं पाणी पोचत नाही.